ब्रेसमधला कोनाडा

ब्रेस हातात आला की मी आधी त्याचा वास घेते. मग तो खिडकीशी नेऊन आतली बाजू उजेडात धरते, पट्टे ओढून बघते, कडांवरून बोट फिरवते. समोर बसलेली आई तोवर सांगत असते, "मॅडम, लेकरू एक मिनिट काढत न्हाई हो अंगावरून." मी "हं, हं" करते. कान तिच्याकडे असतात, पण विश्वास मी माणसांवर टाकत नाही, प्लास्टिकवर टाकते. प्लास्टिकला अजून खोटं बोलता येत नाही.

नांदेडला माझं छोटं वर्कशॉप आहे आणि आठवड्यातून एक दिवस मी लातूरच्या एका दवाखान्यात बसते. वाकडा वाढणारा पाठीचा कणा आवरून धरणारे ब्रेस बनवायचे, हे माझं काम. या कामात केस पांढरे झाले आणि स्वभाव बिघडला. घरी मला सीआयडी म्हणतात. आमचे हे म्हणतात, "देवानं तुझ्या हातात पट्टे कशाला दिले, बेड्याच द्यायच्या." त्यांना मधुमेह आहे आणि बाहेर किती चहा झाले हे ते कधीच खरं सांगत नाहीत, तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावणं अवघड जातं. एसटीत शेजारी बसलेल्या लोह्याच्या एका गृहस्थांना मी अर्धा रस्ता समजावलं, तर उतरताना ते म्हणाले, "म्हंजे लाकडी पाय बनवता म्हणा की!" तुमचं तसं होऊ नये म्हणून नीट सांगते. काही मुलांचा, त्यातही मुलींचा जास्त, कणा वाढीच्या वयात एका बाजूला बाक घ्यायला लागतो आणि बाक घेता घेता पिळतोही. का, ते बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. दप्तराच्या ओझ्यानं नाही, कुशीवर झोपल्यानं नाही आणि आईनं ग्रहणात सुरी हातात धरल्यानंही नाही. सहसा दुखत नाही, म्हणून लवकर कळत नाही. एक खांदा वर दिसतो, कमरेची एक बाजू आत जाते आणि मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर येतात. बाक थोडा असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. फार असेल तर ऑपरेशन, म्हणजे पाठ उघडून कण्याला सळ्या बसवायच्या. या दोन्हींच्या मधल्या जागेत माझं दुकान आहे.

ब्रेस म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगाचा साचा घेऊन केलेलं कडक जाकीट. मुलीला अंगाला चिकटणारा पातळ बनियन घालून उभी करायची, हाडांच्या जागा निळ्या पेन्सिलीनं खुणवायच्या आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. सुकल्यावर ते टरफल कापून काढायचं, त्यात प्लास्टर ओतून तिच्या धडाचा पुतळा करायचा. मग खरं काम. जिथे दाब द्यायचा तिथे पुतळा खरवडायचा, जिथे शरीराला सरकायला जागा हवी तिथे भर घालायची. शेवटी भट्टीत मऊ केलेली प्लास्टिकची शीट त्यावर चढवायची. नेमकी तेव्हाच लाईट जाते. आता स्कॅनर आले आहेत, मुलीभोवती मशीन फिरवलं की कॉम्प्युटरवर पुतळा उभा राहतो. माझ्याकडेही आहे. पण तो घेतल्यावरही मी टेप लावून पुन्हा मोजते. मशीनला तरी मी का सोडावं?

आणि एवढं करून ब्रेस कणा सरळ करत नाही. आहे तो बाक वाढू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. हाडांची वाढ थांबेपर्यंत, आंघोळ आणि खेळ सोडून दिवसरात्र तो अंगावर हवा. आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा. तेराव्या-चौदाव्या वर्षी, आरशासमोरून हलू नये असं वाटण्याच्या वयात, कपड्यांखाली ते टणक जाकीट घालून वर्गात बसायचं. कोण आनंदानं घालेल? मुलं काढून ठेवतात आणि आयांना मुलांची दया येते. म्हणून संशय हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे.

रेणापूरच्या एका आईनं शपथेवर सांगितलं होतं, मुलगा ब्रेस घालूनच झोपतो. मी वास घेतला, तर डांबर गोळ्यांचा वास. ब्रेस कपाटात लग्नाच्या साड्यांशेजारी झोपत होता. लातूरला क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाचा ब्रेस आतून कोरा आणि बाहेरून गोल गोल खुणांनी भरलेला होता. गच्चीवर तो स्टंप म्हणून उभा करायचे. "तरी यष्टी कधी पडली नाही मॅडम, एवढा मजबूत आहे," हे त्यानं मला वर कौतुक म्हणून सांगितलं. असे चोर मी चटकन पकडते आणि पकडल्याचा मला आनंदही होतो. पण एक केस अशी आली की चोरी दिसत होती आणि चोर सापडत नव्हता.

उदगीरची गिरिजा तेव्हा सातवी संपवून आठवीत गेली होती. वडिलांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान. घरी आई आणि आजी. मुलीच्या पाठीतला दोष पहिल्यांदा शिंप्याच्या लक्षात आला होता. शाळेचा नवा ड्रेस एका बाजूनं वर चढायचा. शिंपी म्हणाला, ड्रेस बरोबर आहे, पोरीचा खांदा वर आहे. या लोकांनी शिंपी बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, तेव्हा तिसऱ्याकडे गेले. वाकडेपणा आपल्या लेकरात असेल यापेक्षा उदगीरचे सगळे शिंपी वाकडे आहेत हे मानणं त्यांना सोपं गेलं. त्यात महिने गेले.

लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून तिला माझ्याकडे पाठवलं. बाक वरच्या बाजूला, छातीच्या मणक्यांत होता, म्हणजे ब्रेस मागे बगलेपर्यंत आणि पुढे छातीच्या मध्यापर्यंत येणार. साच्यासाठी ते नांदेडला आले. आजी बाहेर बाकावर बसल्या, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, नजर माझ्यावर. आई मुलीला घेऊन आत आली.

मी नेहमीचं सांगितलं, "अंगावरचं सगळं काढा. दोरा, साखळी, काही नको."

आईनं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून मुलीच्या गळ्यातून काहीतरी चटकन काढलं, मुठीत घेतलं आणि ती मूठ पदराखाली नेली. साचा होईपर्यंत मूठ उघडली नाही. मला राग आला. सोनं असणार, आणि मी ते लंपास करीन अशी भीती असणार. माझ्या धंद्यात मी दुसऱ्यांवर संशय घेते, पण माझ्यावर कुणी घेतला की मला खपत नाही. मी काही विचारलं नाही.

ब्रेस द्यायच्या दिवशी मी आईला माझे नियम पाठ करून घेतले. आत फक्त सुती बनियन, सुरकुती न पडू देता. पावडर लावायची नाही, घामानं तिचा लगदा होऊन कातडी सोलते. आणि आत दोरा, ताईत, साखळी काहीही नको. एका पोराच्या छातीवर ताईत रुतून जखम झालेली मी पाहिली होती, तेव्हापासून हा नियम मी दम देऊनच सांगते. आईनं मान हलवली. "बरं मॅडम. तुमी म्हणलाव तसंच." इतक्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते.

पुढच्या तपासणीला त्यांनी ब्रेस माझ्या टेबलावर ठेवला. आत दाबाच्या गाद्या घासून चकचकीत झालेल्या, म्हणजे वापर होता. पट्टे माझ्या खुणेपर्यंत घट्ट ओढलेले होते. बाहेरच्या बाजूला शाळेच्या निळ्या ड्रेसचा रंग आणि तंतू लागलेले. इतपत ठीक. मग मी ब्रेसची मागची, वरची कड बघितली. मुलगी वेणी घालणारी, डोक्याला चपचपीत खोबरेल. रात्री ब्रेस घालून झोपणाऱ्या वेणीवाल्या मुलीच्या ब्रेसला मागच्या कडेवर तेलाचा डाग पडतोच पडतो. मी बोट फिरवून नाकाशी नेलं. कड कोरडी होती.

"रात्री काढून ठेवता?"

"न्हाई मॅडम, चोवीस तास घालती," आई म्हणाली.

"हाव मॅडम, एकदम बराबर घालती," वडिलांनी री ओढली. त्यांना खरंच तसं वाटत असावं. मोंढ्यातला माणूस घरी येतो तो जेवायला.

गिरिजा जमिनीकडे बघत होती.

मला कोडं पडलं. मुलं ब्रेस शाळेत काढतात. मैत्रिणींना कळू नये म्हणून दप्तरात कोंबतात, घरी आल्यावर आईच्या धाकानं घालतात. सगळी मुलं अशीच. ही मुलगी उलटी होती. ती शाळेत घालत होती, चारचौघींत, आणि घरी काढत होती. म्हणजे जे काही होतं ते घरात होतं. मी आईवर संशय घेतला, लग्नाच्या काळजीनं शेजाऱ्यांपासून लपवत असेल. मग आजीवर घेतला. तिसरं कुणी नव्हतंच.

त्यानंतरच्या एक्स-रेत बाक वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणखी वाढला तर ब्रेसचा विषय संपला, मग ऑपरेशनचंच बोलू. आईचा चेहरा उतरला. बाहेर मी पट्टा बदलत होते तेव्हा गिरिजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मला सळया न्हाई बसवायच्या."

"मग रात्री घाल की गं!"

"घालता येत न्हाई."

"का?"

तिनं दाराकडे पाहिलं. आई तिथे येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी जास्तच संशयी होते.

पेशंटच्या घरी मी कधी जात नाही. पण पुढच्या लातूरच्या दिवशी मी काम लवकर आटोपलं आणि उदगीरची एसटी पकडली. न कळवता. पिशवीत नवा पट्टा ठेवला होता, काही विचारलंच तर निमित्त म्हणून. मोंढ्यामागची गल्ली शोधायला त्रास पडला नाही. दार आजींनी उघडलं. मला ओळखलं, पण बाजूला व्हायला त्यांनी वेळ घेतला.

"येकट्याच आलाव?"

"हो. पट्टा बदलायचा होता."

"पट्ट्यासाठी नांदेडहून?" आजी म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, तू माझ्या धंद्यात हवी होतीस.

आई लगबगीनं बाहेर आली, मला बघून तिनं हातातली परात तशीच खाली ठेवली. चहा आला. आजी समोर बसून माझी झडती घेऊ लागल्या. माहेर कुठलं, सासर कुठलं, घरात देव कोणता. आणि मग, "ते प्लास्टिक शाळेपुरतंच घालायचंय म्हणली सून. मंग लेकराच्या पाठीचा बाक वाढला कसा काय, बाई?"

मी कप खाली ठेवला. शाळेपुरतं? आईकडे पाहिलं तर ती डोळ्यांनी विनवत होती. इथे दोन वेगवेगळ्या थापा चालू होत्या हे मला कळलं. मला एक सांगितलं जात होतं, आजींना दुसरं. मी "बघते" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात गिरिजा शाळेतून आली. ब्रेस ड्रेसच्या आत होता, चालण्यावरून मला दिसलं. मला पाहून ती दारातच थबकली.

"हातपाय धू, पूजेला बसायचंय," आजी म्हणाल्या. ती आतल्या खोलीत पळाली. मी पिशवीतला पट्टा काढला आणि "तेवढं बघूनच घेते" म्हणत तिच्या मागोमाग गेले.

तिनं माझ्याकडे पाठ करून ब्रेस सोडवला. नंतर दप्तर उघडलं, कंपासपेटी काढली. करकटक, कोनमापक बाजूला सारून खालून रुमालाची पुरचुंडी काढली. पुरचुंडीत चांदीची छोटी डबी होती, शिवदोऱ्यात ओवलेली. ती तिनं कपाळाला लावली, घाईनं गळ्यात घातली आणि वळली.

आता मला ती मूठ आठवली. सोनं नव्हतं, डबीत तिचं इष्टलिंग होतं. जन्मल्यावर काही दिवसांत गळ्यात बांधतात आणि आयुष्यभर अंगावेगळं करत नाहीत. उदगीर-लातूरकडे निम्मा बाजार लिंगायतांचा, माझ्या शेजारी दोन घरं त्यांची, मला काय हे ठाऊक नव्हतं? पण मला चोर दिसत होते, त्यामुळे दुसरं काही दिसलं नाही.

"तुमीच म्हणलाव ना, आत कायबी नको," गिरिजा हळू आवाजात म्हणाली. "मंग शाळेत हे काढती आन ते घालती. घरी हे घालती आन ते काढती. रात्री आज्जीपाशी झोपती, तिचा हात असतोय माझ्या छातीवर. हे न्हाई लागलं तर ती जागी होती."

"आणि आईला माहीत आहे?"

"आईनंच सांगितलं असं कर म्हणून. आज्जीला कळलं तर ब्रेसच बंद करंल म्हणली."

तेवढ्यात गिरिजाचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले. आजी दारात उभ्या होत्या. त्यांचं लक्ष उघड्या कंपासपेटीकडे होतं.

"कंपासात?" आजी म्हणाल्या. "अंगावरचं लिंग काढून कंपासात ठिवलीस? कवापासून?"

आई मागे येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "आज्जी, चूक झाली असेल तर माझी. आत काही घालायचं नाही असं मीच सांगितलं होतं."

"तुमी कोण सांगणाऱ्या?" आजी कडाडल्या. "मला पैल्या दिवशीच शंका आल्ती. देव सोडवणारी दवा असती का कुठं? ब्याड, ब्याड." रागात त्यांची कानडी बाहेर आली. "नको आमाला ते. आजपासून बंद." त्यांनी पलंगावरचा ब्रेस उचलला.

मला राग आला आणि रागात मी जे केलं ते कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. गिरिजाला म्हटलं, "पाठ कर आज्जीकडे. वाक पुढे." ती वाकली. मी तिचं बनियन वर केलं. मोठी झाल्यापासून ती आंघोळ एकटीच करत होती, आजींनी ती पाठ उघडी पाहिली नव्हती. उजव्या बाजूच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि कणा वळणावळणानं खाली उतरत होता.

आजींनी ब्रेस खाली ठेवला. जवळ येऊन तळवा त्या उंचवट्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. "एवढं?" त्या सुनेकडे बघून म्हणाल्या. "एवढं हाय आन मला सांगितली न्हाईस?"

"तुमी बंद केलं असतं न, आत्याबाई." सून रडायला लागली.

खोलीत प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता आणि त्या सगळ्यांच्या मधोमध ती मुलगी वाकून उभी होती. मीच तिला सरळ हो म्हटलं.

मी आधी सोपं सुचवलं. दोरा आखूड करा, लिंग ब्रेसच्या वर गळ्याशी राहील. आजी म्हणाल्या, "गळ्यात न्हाई. हृदयापाशी पायजे." ब्रेसच्या वरून? "प्लास्टिकवर देव बसवू का? अंगाला लागाया पायजे." हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. मी गिरिजाला लिंग गळ्यात ठेवून वरून ब्रेस घालायला सांगितला, डबी कुठे येते ते बोटानं चाचपलं आणि पर्समधली निळी पेन्सिल काढून ब्रेसवर तिथे एक गोल काढला. ब्रेसच्या पुढच्या भागातली ती जागा दाबाची नव्हती. दाब द्यायचा होता मागून उजवीकडून, पुढे उलट शरीराला सरकायला जागाच हवी असते. पण कडक प्लास्टिकला भोक पाडलं की तिथून तडा जाण्याची भीती असते, आणि काठ रुतला तर तीच ताईतासारखी जखम.

"इथे जागा करून देते," मी म्हणाले. "लिंग अंगाला लागेल, ब्रेस लिंगाला लागणार नाही. पण मग रात्रंदिवस घालायचा. रात्रंदिवस म्हणजे रात्रंदिवस."

आजींनी पेन्सिलीच्या गोलावर बोट टेकवलं. "मी येती नांदेडला," म्हणाल्या. "माझ्या डोळ्यादेखत करा."

त्या खरोखर आल्या. मी भोक पाडलं नाही. छातीवरचा तेवढा गोल तापवून मऊ केला आणि आतून बाहेर ढकलून त्याला फुगवटा दिला, भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यासारखा. लिंग वर काढून पुन्हा आत सोडता यावं म्हणून वरच्या कडेपासून एक अरुंद वाट ठेवली, दोरा त्यातून उतरावा. काठ घासले, पुन्हा तापवून गोल केले. वर्कशॉपमधल्या गरम हवेत आजी स्टुलावर ताठ बसून होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी आत बोट घालून काठ तपासला, मी तपासते अगदी तसा. "हितं जरा बोचतंय," म्हणाल्या. मला बोचत नव्हतं. तरी मी पुन्हा घासला.

पुढच्या तपासणीला ब्रेस टेबलावर आला. मी वास घेतला, खिडकीशी नेला. मागच्या वरच्या कडेवर खोबरेल तेलाचा मळकट, गोल डाग होता. इतकी वर्षं मी तेलाचा डाग नाही म्हणून लोकांना रागावत आले, त्या दिवशी मी एका डागावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. पण स्वभाव कुठे जातो? पुढे कोनाड्याच्या काठाला पांढरी पूड दिसली आणि मी ताडकन म्हणाले, "पावडर? पावडर नको म्हणून किती वेळा सांगितलं?"

"वास घ्या की," आजी म्हणाल्या.

मी घेतला. भस्म होतं. मुलगी ब्रेस घालूनच पूजेला बसत होती. लिंग तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचं.

त्यानंतर त्या घरात माझी गरजच उरली नाही. आजींनी पहारा हातात घेतला. पट्टा खुणेच्या अलीकडे दिसला की बोलणी. पाहुण्यांकडे लग्नाला गेले तर ब्रेस बरोबर. एका बाईनं "हे काय पोरीच्या अंगात" म्हणून विचारलं तर आजींनी तिला चारचौघांत पुढे वाकायला लावून तिचीच पाठ तपासली म्हणे. ब्रेस लहान पडला तेव्हा दुसरा केला. त्यालाही कोनाडा केला.

हे वाचून कुणी समजेल की सगळं गोड झालं. तसं नाही. पहिल्या महिन्यांत जो बाक वाढला तो वाढला, ब्रेस तो परत घेत नाही. गिरिजाचा उजवा खांदा आजही किंचित वर आहे. शिंप्याला कळतं. तीन शिंपी, एक मूठ आणि माझा एक नियम, यांच्यात ते महिने गेले. ती मूठ मी त्याच दिवशी उघडायला लावली असती तर, हे मनात येतं. आता मी साच्याच्या वेळी प्रत्येकाला विचारते, गळ्यात काय आहे, दंडात काय आहे, कमरेला काय आहे, आणि ते काढल्यानं घरात कोण रागावेल. लोकांना वाटतं मी भोचक आहे. आहेच.

यंदा गिरिजा शेवटच्या तपासणीला आली. आता अकरावीला आहे, लातूरलाच शिकते. आजी काठी टेकत बरोबर. उंची वाढायची थांबली होती, हाडं पक्की झाली होती, आणि प्रश्न एकच होता, बाक थांबला की नाही. थांबला असेल तर ब्रेस सुटणार. नसेल तर त्या सळ्या. एक्स-रे यायला वेळ होता. आजींना दम निघेना. त्यांनी नातीला माझ्यासमोरच वाकवलं आणि पाठीवरून सावकाश तळवा फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत.

"न्हाई वाढलं," त्या म्हणाल्या.

"फोटो येऊ द्या, आज्जी."

"माझ्या हाताला कळतंय."

"कळत असेल. तरी फोटो येऊ द्या."

आजींनी नाक मुरडलं. फोटो आला. डॉक्टरांनी मोजलं, मग मी मोजलं, कारण डॉक्टरांवर तरी मी का विश्वास ठेवू? बाक होता तिथेच होता. मागच्या वर्षी होता तेवढाच. गिरिजानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवल्यावर ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली. सळ्या बसणार नव्हत्या.

निघताना तिनं ब्रेस माझ्या टेबलावर ठेवला. घरी नेऊन काय करणार, भंगारात टाकवत नाही. सवयीनं माझा हात पुढे झाला, मी तो उचलला आणि खिडकीशी नेला. गिरिजा रडता रडता हसायला लागली. "मॅडम, आता तरी नका की तपासू!"

मागे तेलाचा डाग होता. पुढे कोनाड्यात भस्म होतं, काठाच्या बारीक चिरेत जाऊन घट्ट बसलेलं. मी ओलं फडकं घेतलं. दुसऱ्यांना दाखवायला ठेवायचा तर स्वच्छ करून ठेवावा म्हणून.

आजींनी काठीनं माझा हात अडवला.

"राहू द्या की. उद्या दुसरं लेकरू यील, त्याची आज्जी यील. तिला हे दावा," त्या म्हणाल्या. "नुसत्या सांगण्यावर कोण इस्वास ठेवतंय, बाई? तुमी तरी ठेवलाव का?"